आधी शेत की आधी रस्ता?

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. दुपारी ओट्यावर बसून मोबाईलवर 'सिव्हिलायझेशन सिक्स' खेळत होतो. शेजारी आजी शेंगा फोडत बसली होती. तिची नजर मधूनमधून माझ्या स्क्रीनवर जायची. हिरवे षटकोनी तुकडे, त्यावर इवलंसं गाव आणि गावाबाहेर काम करणारा एक गडी.

"ह्यो काय करतुया?"

"शेत करतोय, आजी."

मी त्याच्याकडून एक शेत करून घेतलं, मग एक कुरण, मग एक खाण. तिसरं काम झालं आणि गडी नकाशावरून नाहीसा झाला. या गेममध्ये तसंच असतं.

"आरं, त्यो गडी कुठं गेला?"

"त्याचं काम संपलं. तीन कामं केली की तो जातो."

"जातो म्हंजी? घरला गेला का मेला?"

मी काहीच बोललो नाही. आजीनं दोन शेंगा फोडल्या आणि विचारलं, "मग त्येची मजुरी कुनी उचलली?"

हा प्रश्न आजीच विचारू शकते. ती माणदेशातली. बहात्तरच्या दुष्काळात अठरा-एकोणीस वर्षांची असताना तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे. तिच्या त्या कामाकडे येणारच आहे, पण आधी गेममधल्या गड्याबद्दल बोलू. त्यानं पहिलं काम कोणतं करायचं, यावर जगभरची पोरं तीसेक वर्षं डोकं लावत आली आहेत, आणि तो प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'सिव्हिलायझेशन'चा पहिला भाग १९९१ साली आला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो बनवला. बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल खेळायची. इसवी सनपूर्व ४००० मध्ये तुमच्याकडे एक टोळी असते. तिथून गाव, नगर, साम्राज्य करत अवकाशयुगापर्यंत जायचं. शोध लावायचे, लढाया करायच्या, आश्चर्यं बांधायची. बाहेरून बघणाऱ्याला हा राजांचा आणि सेनापतींचा खेळ वाटतो. पण चांगला खेळाडू पहिल्या पन्नास चालींत राजाकडे बघतच नाही, तो मजुराकडे बघतो.

मी हा गेम शिकलो तो हॉस्टेलवर, एका जुन्या लॅपटॉपवर. तो लॅपटॉप २००५ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन फोर'पुढे काही चालवूच शकत नव्हता. पहिले कित्येक डाव मी सलग हरलो आणि का हरतोय ते कळेना. माझं सैन्य बरं होतं, पण शेजारचा राजा कायम माझ्यापुढे असायचा. मग एका सीनियरनं माझा डाव मागे उभं राहून बघितला आणि म्हणाला, "तुझे मजूर काय करतायत?"

माझे मजूर रस्ते बांधत होते. सगळीकडे. नकाशावर रस्त्यांचं जाळं दिसलं की राज्य कसं भरभराटीला आल्यासारखं वाटतं. सीनियर म्हणाला, "या रस्त्यावरून जाणार कोण?"

त्या रात्री जे शिकलो ते असं. या गेममध्ये एक माणूस रोज दोन दाणे खातो. साध्या गवताळ जमिनीच्या एका तुकड्यावर दोनच दाणे पिकतात. म्हणजे जो कसेल त्याचंच पोट भरेल, वर काही उरणार नाही. पण त्याच गवताळ जमिनीवर मका असेल आणि मजुरानं तिथं शेत केलं, तर पाच दाणे निघतात. शेजारी नदी असली तर सहा. हे वरचे दाणे गावाला वाढवतात. वाढलेलं गाव डोंगरावर खाण चालवतं, खाणीतून सैनिक आणि देवळं होतात. सगळं त्या मक्याच्या शेतावर उभं असतं. म्हणून नियम असा: आधी पोटाचं, मग हाताचं, रस्ता सगळ्यात शेवटी.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. गावात एकच माणूस असेल तर तो एकाच तुकड्यावर काम करू शकतो. तुम्ही मजुराला राबवून पाच शेतं करून ठेवलीत, तरी चार ओसाडच राहतात. नकाशावर ती सुंदर दिसतात, पण पिकत काहीच नाही. म्हणजे मजुरानं कुठं काम करायचं हे जमिनीचा कस सांगतोच, पण आज ती जमीन कसणारा माणूस आहे का, हेही तितकंच बघावं लागतं.

तिसरा नियम कळायला मला सगळ्यात उशीर लागला. मजूर तयार करणं महाग असतं. 'फोर'मध्ये गाव मजूर घडवत असतं तेव्हा गावाची वाढ थांबते, वरचे सगळे दाणे त्या मजुरात जातात. सुरुवातीला एक मजूर तयार व्हायला साधारण पंधरा चाली लागतात. त्या काळात एक चाल म्हणजे चाळीस वर्षं. गेमच्या घड्याळानं मोजलं तर एका मजुरासाठी गाव सहाशे वर्षं पोटाला चिमटा घेतं! आणि एवढं करून तो बाहेर आला, की कळतं आपण शेतीचा शोधच लावलेला नाही. समोर मका आहे, हातात मजूर आहे, आणि तो उभा आहे. कुरण करायचं तर पशुपालन यावं लागतं, खाणीसाठी खाणकाम, रस्त्यासाठी चाक. मजुराचं पहिलं काम मजूर जन्मायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. ते ठरलेलं नसेल तर तो काय करतो? ज्याला फारशी अक्कल लागत नाही आणि जे लगेच सुरू करता येतं ते करतो. माझ्या डावात तो रस्ता बांधायचा.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

'फोर'मधली आणखी एक गोष्ट आपल्याला सांगितलीच पाहिजे. त्या गेममध्ये प्रत्येक देशाला त्याचं म्हणून एक खास पथक दिलेलं आहे. रोमला प्रिटोरियन, जपानला सामुराई, मंगोलांना केशिक, इंग्लंडला रेडकोट. सगळे लढवय्ये. आणि भारताला काय? फास्ट वर्कर. चपळ मजूर. त्या सगळ्या यादीत न लढणारं खास पथक हे एकच.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हॉस्टेलवर आम्ही चिडलो होतो. जगाला तलवारी आणि आपल्याला कुदळ? मग खेळून बघितलं. साधा मजूर एका चालीत दोन पावलं टाकतो. जंगलात शिरायला दोन्ही पावलं खर्च होतात, म्हणून कुऱ्हाड पुढच्या चालीला चालते. आपला मजूर तीन पावलांचा. तो जंगलात शिरतो आणि त्याच चालीत कामाला लागतो. प्रत्येक कामामागे एखादी चाल वाचते. एक चाल म्हणजे काहीच नाही, पण शंभर कामांमागे ती वाचत गेली की काय होतं ते शेजारच्या राजाला विचारा. ज्यांना लढायाच करायच्या आहेत त्यांना प्रिटोरियन हवा असतो, पण हा चपळ मजूर डावाच्या सुरुवातीच्या काळापासून शेवटपर्यंत कामाला येतो. आम्हाला तो अपमान वाटला, याचं आता हसू येतं. आम्ही सगळी मजुरांचीच नातवंडं होतो.

त्याच गेममध्ये एक शोध आहे, कांस्यकामाचा. तो लावला की तीन दारं एकदम उघडतात. एक, नकाशावर तांबं दिसायला लागतं. दोन, मजुराला जंगल तोडता येतं. प्रत्येक तोडीमागे गावाला बांधकामासाठी एकरकमी वीस एकक मिळतात. तीन, गुलामगिरी स्वीकारता येते. मग गावातला एक माणूस कमी करून, म्हणजे मारून, कामात तीस एककांची भर घालता येते. इंग्रजीत खेळाडू याला 'चाबूक मारणं' म्हणतात आणि अगदी सहज म्हणतात. सुरुवातीच्या वेगासाठी ही चाल इतकी फायद्याची आहे, की चांगले खेळाडू ती टाळत नाहीत. मीही टाळली नाही. हिशेब साधा आहे: माणूस पुन्हा जन्मतो, वेळ परत येत नाही.

आकड्यांत विचार करायला लागलो की असं होतं. गेम वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट, इतिहासात जे पडद्याआड होतं ते हा गेम अगदी उघड मांडतो. पण मजुराचं या मालिकेत पुढे काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

१९९१च्या पहिल्या भागात वेगळा मजूर नव्हताच. नवं गाव वसवणारे वसाहतकरीच कालवे काढायचे, रस्ते बांधायचे. आणि ते खायचे! त्यांच्या पोटापाण्याचं धान्य मूळ गावाच्या कोठारातून जायचं. २००१च्या तिसऱ्या भागात मजूर वेगळा झाला. तो तयार करायचा तर गावातला एक माणूस कमी व्हायचा. म्हणजे तो कुठून तरी आलेला असायचा, गावातलं एक घर त्याच्यामुळे रिकामं व्हायचं. त्याच भागात दुसऱ्या देशाचे मजूर पळवून आणता यायचे. ते निम्म्या वेगानं काम करायचे, पण त्यांना पोसायचा खर्च नसायचा. चौथ्या भागात गावाची संख्या कमी होणं बंद झालं, नुसती वाढ थांबायची. २०१६च्या सहाव्या भागात त्याचं नाव 'बिल्डर' झालं. त्याला पोसायचा खर्च शून्य. तीन कामं करायची आणि नाहीसं व्हायचं. रस्ते व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यानं आपोआप होतात. आणि २०२५च्या सातव्या भागात मजूर नाहीच. गाव वाढलं की तुम्ही नकाशावर बोट ठेवायचं, तिथं शेत होतं.

यामागची कारणं खेळाच्या सोयीची आहेत. डाव लांबला की पन्नास मजुरांना एकेक काम सांगत बसणं कंटाळवाणं होतं, मीही त्यांना 'आपोआप' या बटणावर सोडून द्यायचो. पण हा क्रम बघितला की जरा चरकायला होतं. आधी मजूर खायचा. मग त्याच्यामुळे एक घर रिकामं व्हायचं. मग तो फुकट झाला. मग काम होताच नाहीसा होऊ लागला. आता शेत आहे, पण ते कुणी केलं हा प्रश्नच उरलेला नाही. आजीनं विचारला तो नेमका हाच प्रश्न होता.

आता आजीच्या कामाकडे येतो.

१९७२ साली महाराष्ट्रात पाऊस जवळजवळ आलाच नाही. त्याच्या आधीची वर्षंही धड नव्हती. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि १९७३च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं या कामांवर होती. पन्नास लाख मजूर, आणि त्यांना द्यायचं पहिलं काम कोणतं? गेममधला प्रश्न इथं खराखुरा उभा होता.

आजीला मिळालं खडी फोडायचं काम. रस्त्याच्या कडेला बसायचं, हातोडीनं दगड फोडायचे, ढीग लावायचा. मुकादम ढीग मोजणार, मापावर मजुरी. खायला सुकडी आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. मिलोची भाकरी कशी लागायची हे आजीला आजही विचारू नये, तोंड वाकडं करते. ढीग लागले, मोजले गेले, पैसे मिळाले, आणि त्या पैशांवर माणसं जगली. ही गोष्ट लहान नाही. पण आमच्या गावाकडे जाणारा तो रस्ता काही झाला नाही. खडीचे ढीग कित्येक वर्षं तसेच कडेला पडून होते. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची.

मी आजीला विचारलं, "तुला विचारलं असतं, आधी कुठलं काम काढायचं, तर काय सांगितलं असतंस?"

"आदी पानी आडवाय पायजे हुतं," ती लगेच म्हणाली. "रस्ता काय करायचा? लोकं रस्ता नसताना बी म्हमईला गेलीच की."

आधी पोटाचं, रस्ता सगळ्यात शेवटी. हॉस्टेलवर मला जे शिकायला महिने लागले, ते तिला पाठ होतं.

मग सरकारला हे कळत नव्हतं का? कळत होतं. ते कळायला १९७२ उजाडावं लागलं असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात त्यांनी सरकारला सुचवलं आहे, की लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांना ताली-बंधारे घालायला लावा, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल. गेमच्या नव्या भागांत रोमच्या लीजन शिपायाला लढाई नसेल तेव्हा रस्ता बांधता येतो. फुल्यांचा शिपाई त्याच्या पुढचा होता, तो आधी पाणी अडवणार होता.

मग १९७२ला खडीच का? याचं उत्तर मला त्या तिसऱ्या नियमात सापडलं. खडी फोडायला आराखडा लागत नाही. दगड आणि हातोडी असली की उद्या सकाळी काम सुरू. ढिगाचं माप घेणं सोपं, पैसे वाटणं सोपं. पाझर तलाव करायचा तर आधी नाला बघावा लागतो, जमिनीखाली पाणी मुरतं का ते बघावं लागतं, बांध कुठं घालायचा हे आखावं लागतं, कुणाची जमीन बुडते त्याचं बोलणं करावं लागतं. हे सगळं दुष्काळ पडायच्या आधी तयार हवं. नसेल, तर पन्नास लाख माणसं दारात उभी असताना तुम्ही त्यांना तेच काम देता, ज्याला तयारी लागत नाही. माझ्या लॅपटॉपवरचे मजूर ज्या कारणासाठी रस्ते बांधत होते, त्याच कारणासाठी आजी खडी फोडत होती. आधीचा विचार झालेला नव्हता.

एका माणसानं मात्र तो केला होता. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, मूळचे सांगली जिल्ह्यातले. दुष्काळाच्या कितीतरी आधी, १९६५ साली, तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि ते उपयोगाचं असलं पाहिजे. दुष्काळात ही कल्पना राज्यभर नेण्यात आली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' हे शब्द तिथले. पुढे २००५ साली देशभरासाठी जो कायदा झाला, त्याची मुळं इथं आहेत.

मला यातलं दुसरं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. कायद्यात नुसतं काम म्हटलेलं नाही, उत्पादक काम म्हटलेलं आहे. पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती. आणि अशी कामं ऐनवेळी सुचत नाहीत म्हणून त्यांचे आराखडे आधीच तयार ठेवायचे. गेमच्या भाषेत सांगायचं तर मजूर यायच्या आधी शोध लावून ठेवायचा. कागदावर होतं तसं सगळीकडे झालं नाही. खोट्या हजेऱ्या झाल्या, अर्धवट बांध राहिले, रस्तेही पुष्कळ झाले. पण पाणी आधी, हे निदान नियमात आलं.

जाता जाता तुमच्याही खिशाबद्दल. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराच्या स्लिपवर प्रोफेशनल टॅक्सचे २०० रुपये कापलेले दिसतील. मीही पहिल्या पगाराला त्या दोनशेवरून कुरकुरलो होतो. हा कर १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. मजुराला पोसायचा खर्च शहरातल्या पगारदाराच्या स्लिपवर लिहिलेला असायचा. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये मूळ गावाच्या कोठारातून धान्य जायचं, तसं.

आमच्या गावच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. ऐंशीच्या दशकात रोजगार हमीतून झाला. त्या कामावरही आजी होती, तेव्हा माझे वडील तिच्या मागे मागे फिरत होते. तलावात मार्चनंतर पाणी दिसत नाही. लोक म्हणतात, कोरडा पडला. पण त्याचं काम पाणी दाखवण्याचं नाहीच, मुरवण्याचं आहे. खालच्या अंगाच्या विहिरी त्याच्यामुळे एप्रिल काढतात. दिवाळीत ज्या शेंगा आजी फोडत बसली होती, त्या अशाच एका विहिरीवरच्या होत्या.

तलावाच्या बांधावर एक फलक होता म्हणे, आता अक्षरं गेली आहेत. अक्षरं होती तेव्हाही त्यावर कामाचं नाव आणि खर्चाचा आकडा होता. माती वाहणाऱ्यांची नावं नव्हती, आणि ती असतील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

त्या दुपारी मी डाव तिथंच थांबवला आणि आजीला घेऊन बांधावर गेलो. तिला चढ चढवत नाही, म्हणून खालीच उभी राहिली. तिथून तिनं काठीनं दाखवलं, तिच्या टोळीनं कुठून कुठपर्यंत माती टाकली होती. तिच्या शेजारी कोण होतं, त्यातलं कोण आता नाही, कुणाचं पोर झाडाला बांधलेल्या झोळीत होतं. तेरा नावं तिनं सांगितली. मी ती मोबाईलमध्ये उतरवून घेतली. परत येताना ती म्हणाली, "आनि एक ऱ्हायली बग," आणि चौदावं नाव सांगितलं.